गुडघ्याचा पहिला भाव

"मी बोलली, आता तू बोल." कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देऊन झालं की मावशी असं म्हणायच्या आणि हनुवटी वर करून वाट बघायच्या. मासळीबाजारात कधी उभे राहिला असाल तर ही हनुवटी तुम्हीही पाहिली असेल.

मावशी घिवली गावच्या. बोईसरच्या बाजारात जन्मभर जमिनीवर बसून मासळी विकलेली, त्यामुळे उजवा गुडघा कुरकुरू लागला होता. आमच्या दवाखान्यात रुग्णांकडून गुडघ्याबद्दलचे प्रश्न भरून घेणं हे माझं काम. तेव्हा कागदावर चाळीसेक प्रश्न असत.

"जिना चढताना किती दुखतं?"

"जीव जातो. मी बोलली, आता तू बोल."

मी पुढचा प्रश्न विचारायचो. दुसऱ्या पानावर जीव जायचा थांबे, आणि शेवटच्या पानापर्यंत मावशी "तसं बरं हाय" वर उतरायच्या. सगळं मिळून डॉक्टरांना खरा गुडघा कळायचा. अर्धा तास मात्र जायचा आणि रांगेतले लोक माझ्या नावाने बोटं मोडायचे.

मग टॅब आला. तो प्रत्येक उत्तर बघून पुढचा प्रश्न निवडायचा आणि अंदाज आला की थांबायचा. जिन्याला मावशी म्हणाल्या, जीव जातो. त्याने विचारलं, अंथरुणात कूस बदलताना? तिथेही जीव गेला. चौथ्या प्रश्नाला त्याने आभार मानले.

"एवढ्यात संपला? अजून मी उतरली कुटं?"

मी हसलो. हसायला नको होतं. एक्स-रे तळ्यात-मळ्यात होता, पण टॅबवरचा आकडा बघून डॉक्टरांनी सांधा बदलायचं ठरवलं आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

मावशी बाहेर आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. "पोरा, मी भाव बोलली होती. माल नाय दिला." मग आवाज उतरला. "तीन महिने घरी बसली तर माज्या जागेवर दुसरीची टोपली येईल. मग मी कुटं बसू?"

मला माझीच लाज वाटली. डॉक्टरांना सगळं सांगून मी टॅब पुन्हा उघडून घेतला.

"मावशी, हा घासाघीस करत नाही. पहिलंच उत्तर धरून बसतो."

"मग याला बाजारात नको पाठवू. लुटतील याला."

जिना? "कठडा धरून चढते." चालणं? "स्टँडपर्यंत जमते." मग त्याने विचारलं, जमिनीवर बसल्यावर उठता येतं का? मावशींनी आधी आजूबाजूला बघून घेतलं.

"सगल्या बाया घरी गेल्या का उठते. भिंतीला धरून. कोनाला सांगू नको."

ऑपरेशन टळलं. व्यायाम ठरला, आणि जमिनीवर बसायचं नाही अशी ताकीद मिळाली. त्यानंतर मावशी दवाखान्यात आल्या नाहीत.

परवा बाजारात गेलो होतो. मावशी त्यांच्याच जागेवर, पण लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, बाकीच्या बायांच्या डोक्यावर बसल्यासारख्या. बोंबील उचलायला वाकल्या की खुर्चीही वाकत होती. "हितून गिऱ्हाईक लांबून दिसते," शेजारणीला सांगणं चाललं होतं. मला पाहिलं आणि त्यांनी नजर टोपलीत घातली.

मावशी मला फार आवडायच्या. पण त्या भिंतीची गोष्ट ठाऊक असलेलं गिऱ्हाईक त्यांना समोर नको होतं. मी पुढे गेलो आणि दुसरीकडून मासळी घेतली.