गुलाबरावांचं आठ रोजांचं काम

आमच्या घरातलं लाटणं पोळ्यांपेक्षा मोटारीच्या कामी जास्त आलं. वऱ्हाडात आम्ही त्याला बेलणं म्हणतो. ऐन जेवणाच्या वेळी माझी बायको वत्सला कणीक मळून बसलेली असायची, आणि तिचे थोरले भाऊ गुलाबराव अंगणात मोटारीच्या बॉनेटखाली अर्धे शिरलेले असायचे. बेलण्याचं एक टोक धडधडत्या इंजिनावर, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. डॉक्टरसुद्धा छातीला नळी लावून इतका वेळ ऐकत नाही.

"दादा, बेलणं दे ना! तवा तापून राहिला!" वत्सला आतून ओरडायची.

"थांब व वच्छे. बोलून राहिलं ते!"

ते म्हणजे इंजिन. ते काय बोलायचं ते गुलाबरावांनाच ठाऊक. पुढे बेलणं पुसून परत यायचं, आणि आमच्या पोळ्यांना इंजिन ऑइलचा वास यायचा. मी ताटावर बसून कुरकुर करायचो आणि वत्सला माझ्याकडे डोळे वटारून पाहायची, कारण भाऊ तिचा होता.

गुलाबराव अकोल्याला एका जिनिंगच्या मालकाकडे ड्रायव्हर होते. मालकानं नवी गाडी घेतली, तिच्यावर नवा ड्रायव्हर ठेवला, आणि जुनी गाडी या इमानदार माणसाला बक्षीस देऊन टाकली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, आठ सिलिंडरची, एका बैलगाडीला पुरेल एवढ्या लांब बॉनेटची अमेरिकन मोटार. तिचं इंजिन बसलेलं होतं, म्हणून तर बक्षीस. सरकीच्या ट्रकमागे दोर बांधून ती अमरावतीला आमच्याकडे आली. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत वळताना, ओढून आणलेल्या त्या गाडीतून गुलाबरावांनी हात बाहेर काढून रीतसर वळण्याची खूण केली. सगळी गल्ली हसली. ते हसले नाहीत. अंगणातल्या कडुनिंबाखाली गाडी लागली, तेव्हा टोपी काढून घाम पुसत मला म्हणाले, "आठ रोजाचं काम आहे, जवाईबापू. जास्तीत जास्त धा."

मी हायस्कूलात गणित शिकवत असे. आठ दिवस म्हणजे किती, हे मला कळतं असा माझा समज होता. पहिल्या वर्षी मी कॅलेंडर पाहत होतो. दुसऱ्या वर्षी ते सोडून दिलं.

मोटारीचं मागचं सीट निघालं ते आमच्या ओसरीत आलं आणि तिथेच कोच म्हणून राहिलं. एकदा आमचे हेडमास्तर त्यावर ऐटीत बसले आणि स्प्रिंग टोचून तितक्याच ऐटीत उठले. सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या पितळेच्या घंगाळात व्हॉल्व्ह रॉकेलमध्ये भिजत पडायचे. सहामाहीच्या पेपरांवर काळे अंगठे उमटायचे. मुलांना वाटे, ती मास्तरांची सही आहे. एका वैशाखात तर कमालच झाली. आमच्याकडे मे महिन्यात माणूस भाजून निघतो. दुपारी जाग आली तेव्हा मी घामानं निथळत होतो. पाहतो तर खिडकीला लावलेला वाळ्याचा ताट्या गायब. तो मोटारीला टेकवून गुलाबराव त्यावर पाणी शिंपडत होते.

"अहो, काहून?" मी ओरडलो.

"रबराले ऊन सोसत नाही, जवाईबापू."

"आणि मला सोसते?"

"तुमाले सावली आहे ना घराची," ते शांतपणे म्हणाले.

बरं, गाडी चालत नव्हती असंही नाही. दुसऱ्याच वर्षी ती चालू झाली होती. बडनेऱ्यापर्यंत जाऊनही आली. मी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पुन्हा उघडं. कुठून तरी टिकटिक येते म्हणे. मला कधीच ऐकू आली नाही. मी म्हटलं, "चालते आहे ना? मग झालं तर!" त्यावर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "चालते म्हनून बरी होते का? म्हातारा बी चालते. मंग त्याले पैलवान म्हनान का?"

असं दर वर्षी. गाडी जुळायची, धडधडायची, गुलाबराव बेलणं कानाला लावायचे, आणि त्यांचा चेहरा उतरायचा. "आहे काही तरी. डावीकून आहे."

त्यांची बायको फार पूर्वीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. गावचं घर वाटणीत धाकट्या भावांकडे गेलं होतं. शेताचा एक तुकडा तेवढा त्यांचा, तोही दुसऱ्याला बटईनं कसायला दिलेला. दर संक्रांतीला तिथून एक ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ आणून ते आमच्या ओसरीत टाकत. "हे तुमच्या जागेचं भाडं. गाडी उभी आहे ना."

"आणि तुमचं?" मी एकदा चेष्टेनं विचारलं.

"मी कुठं राहून राहिलो? मी तं कामापुरता आहो," ते म्हणाले, आणि लगेच उठून बाहेर गेले. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मी ज्वारी निवडून घेतली.

वत्सलेला त्यांनी एक वचन दिलं होतं, की या गाडीतून कौंडण्यपूरच्या कार्तिकी जत्रेला नेईन. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. "माझं माहेर तं वाटनीत गेलं, तिचं तरी पाहीन," असं ती म्हणायची. मी एस.टी.नं नेतो म्हटलं तर नको म्हणायची. कार्तिक यायचा, जायचा, गाडी उघडीच. सहाव्या कार्तिकाच्या आधी माझं डोकं फिरलं. गुलाबरावांना न विचारता मी अकोल्याला गेलो. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात इब्राहिम मिस्त्रींचं दुकान होतं. गुलाबराव सगळे पार्ट त्यांच्याकडूनच आणत. मी त्यांना घेऊन आलो.

मिस्त्रींनी गाडी चालू केली, बेलणं न मागता नुसतं ऐकलं, आणि हात पुसले. "मास्तरसाब, इसको कुछ नहीं हुआ. चार साल पहले भी मैंने इनको यहीच बोला था."

मला कोण आनंद झाला! मी गुलाबरावांना तिथेच धारेवर धरलं. "ऐकलं? आता निमित्त नाही. या जत्रेला कौंडण्यपूर. नाही तर गाडी भंगारात." त्यांनी खाली मान घालून बॉनेट लावलं.

जत्रेला गाडी निघाली. वाटेत अडकणार याची मला खात्री होती, म्हणून दोन वेळच्या भाकरी आणि पाण्याची कळशी सोबत घेतली होती. काही लागलं नाही. गाडी लोण्यासारखी गेली आणि आली. कुऱ्ह्याचा चढसुद्धा तिनं सहज काढला. वत्सला मागे बसून दहा वेळा काच खाली-वर करत होती. वर्धा नदीच्या पाण्यात पाय बुडवून ती दर्शनाला गेली आणि लहान मुलीसारखी हसत परत आली. गुलाबराव मात्र दिवसभर गप्प होते. मला वाटलं, मिजास चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ओसरीत त्यांची वळकटी बांधलेली. टोपी घालून ते उभे होते. आत चुलीपाशी वत्सला, पण भांड्याचा आवाज नाही.

"निघतो जवाईबापू. काम झालं."

"कुठं निघाले?"

"पाहू. गावाकडं."

गावाकडे त्यांना अंग टाकायला खाट नव्हती, हे मला ठाऊक होतं. "कामच नाही तं बहिणीच्या घरी कोन्या तोंडानं राहू?" ते हसून म्हणाले. ते हसणं मला पाहवेना. सहा वर्षं मी या माणसावर चिडत होतो आणि मला, गणिताच्या मास्तराला, एवढं साधं गणित सुटलं नव्हतं. मिस्त्रीला आणून मी काय केलं होतं, ते आता माझ्यासमोर वळकटी घेऊन उभं होतं. मला माझीच लाज वाटली.

"गुलाबराव," मी म्हटलं, "काल कुऱ्ह्याच्या चढावर काही आवाज आला का हो तुम्हाला? मला आपलं वाटलं. टिकटिक."

ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"समोरून का मांगून?"

"समोरून."

"डावीकून?"

"डावीकडूनच."

वळकटी त्यांनी हळूच खाली ठेवली. टोपी काढली. "मले बी वाटलं होतं," ते म्हणाले. "पन तुमी कालपासून इतके खुश, तुमाले सांगू कसा?"

"किती दिवसांचं काम?"

"आठ रोजाचं," गुलाबराव म्हणाले. "जास्तीत जास्त धा."

वत्सलेनं बेलणं स्वतः बाहेर आणून त्यांच्या हातात दिलं. संध्याकाळी मी शाळेतून परत आलो तेव्हा इंजिनाचे झाडून सगळे तुकडे माझ्या पलंगावर, माझ्या धुतलेल्या धोतरावर वाळत पडले होते, आणि मी भयंकर चिडलो.