दोन पट्ट्यांमधलं अंतर

माझा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला, त्या दिवशी मी पेढे वाटले. घाईच केली म्हणायची.

नगरच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्रात पीएचडी करत होते. अणू विजेच्या क्षेत्रात ठेवला की तो शोषून घेतो त्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. किती, एवढंच मला मोजायचं होतं. विजेचा दाब दिलेल्या धातूच्या दोन पट्ट्या, त्यांच्यात अंतर राहावं म्हणून मध्ये टेफ्लॉनच्या चकत्या, बोल्टने आवळलेल्या, आणि हे सगळं हवा काढून घेतलेल्या भांड्यात. पट्ट्यांमधल्या अंतरात जेवढे टक्के चूक, त्याच्या दुप्पट उत्तरात. जूनच्या आत प्रबंध दिला तर त्याच कॉलेजात कायमची जागा मिळणार होती. आईने तर ते आमच्या मिरजगावभर सांगूनही टाकलं होतं.

चकत्या एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांनी कातून दिलेल्या, म्हणून त्यांच्याकडेही पेढे घेऊन गेले. मामा पाथर्डीकडचे, मोजकं बोलणारे. पेढा हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, अंतर बोल्ट आवळल्यावर मोजलं हुतं का?"

मी नुसती चकत्यांची जाडी मोजली होती, तीही आवळण्याआधी.

"मऊ माल हाय तो. दबतो," मामा म्हणाले.

माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं तर ते चिडले. उत्तर जुळलंय, आता उकरून काढायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं ऐकावंसंही वाटलं. पण चूक असूनही आकडा जुळला, म्हणजे आत दुसरी एक चूक दडलेली असणार. मी भांडं उघडलं. चकत्या दबल्या होत्या, त्याही कमीजास्त. जुन्या नोंदी दुरुस्त करण्याजोग्याही नव्हत्या. वर्षभराच्या वहीवर काट मारताना मी रडले. मग काचेच्या चकत्या बसवल्या, बोल्ट आवळून अंतर मोजलं आणि पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली.

दुसरी चूक पट्ट्यांवरचा दाब मोजणाऱ्या व्होल्टमीटरमध्ये निघाली. तोवर जून उलटून गेला. हातातोंडाशी आलेली जागा दुसऱ्याला मिळाली, आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आणि एवढं करून नवा आकडा पुस्तकापेक्षा वेगळाच आला. मी तोच लिहिला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी प्रबंध मिटून विचारलं, पुस्तकातला आकडा चूक आणि तुमचा बरोबर, असं तुमचं म्हणणं आहे का? सर खाली बघत होते.

"पुस्तकातला कसा मोजला ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "हा मी मोजलाय."