स्लॅबखालची तुळई

ढोकीजवळच्या आमच्या गावात जुनी माणसं घराच्या खोल्या विचारत नाहीत, खण विचारतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं माळवद पाच खणांचं. कडुलिंबाच्या तुळया, त्यांवर आडव्या किलच्या, म्हणजे बारीक लाकडं, वर चिखल आणि पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी मृगाआधी मामा, म्हणजे माझे सासरे, वर चढून नवी पांढरी माती पसरायचे, आणि तरीही पाणी नेमकं माझ्या चुलीवरच गळायचं. माळवद उतरवून स्लॅब टाकायचा हट्ट माझाच होता. मामांनी त्यात मोडता घातला नाही.

स्लॅब झाला आणि मामांनी आपली बाज पत्र्याच्या ओसरीत टाकली. आत झोपायला तयारच नाहीत. शिवाय नातवंडांनाही बाहेर झोपायला बोलवायचे. थंडी पडली, खोकला लागला, तरी तेच. माझं डोकं फिरलं. एवढ्या हौसेनं घर बांधायचं आणि घरातलं वडीलधारं माणूस दारात कुडकुडणार. लोक नावं ठेवणार ती सुनेलाच. शेवटी मी सरळ कारण विचारलं.

"लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं," ते म्हणाले. "माणसाला उठून बाहेर पडता येतं. हे शिमिट सांगणार व्हय?"

नवऱ्यानं त्यांना आतल्या लोखंडाचं सगळं समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ओसरीतच झोपले.

मग मीच गोठ्यामागं रचलेल्या माळवदाच्या लाकडांतली एक जुनी तुळई काढायला लावली आणि दोन खांबांवर ती आतल्या खोलीत, स्लॅबखाली आडवी बसवली. लोक हसतील, असं नवरा म्हणाला. हसलेच. वर दोन बोटं फट राहिली होती. मामांनी तिच्यात हात घालून बघितलं आणि पाचरी तासायला बसले. त्या ठोकून त्यांनी तुळई स्लॅबला घट्ट भिडवली आणि बाज आत आणली.

"आता वर काय हललं तर ही आधी बोलंल," ते म्हणाले. "तुमी खुशाल झोपा. माझी झोप सावध असती."

मामा स्वतःच्या जिवाला भितात, असंच आम्ही धरून चाललो होतो. जन्मभर हा माणूस आमच्या डोक्यावरचं छत ऐकत झोपला होता. मी त्यांच्या बाजेवर आणखी एक वाकळ टाकली.