यष्टीमागचा शिंपी

आमच्या क्लबचा विकेटकीपर पेशाने शिंपी. यष्टीमागे उभं राहिलं की त्याला चेंडूआधी फलंदाजाची पँट दिसायची. एका सामन्यात त्याला राहवेना.

"दादा, मागे नुसती झोळी झालीय! कुणी शिवली?"

फलंदाज ओशाळला. पुढचा चेंडू हुकून शिंप्याच्या हातात आला.

"जरा चालून दाखवा बघू."

तो पुढे चालला आणि शिंप्याने बेल्स उडवल्या. पंचांचं बोट वर गेलं.

"ही फसवणूक आहे!"

"फसवणूक कसली? डावा पाय लांब झालाय. सोमवारी दुकानात या."

फलंदाज तणतणत गेला खरा, पण पँट अशी बसली की तो आमच्याच क्लबात आला. मागोमाग त्याचा अख्खा संघ आला, मग एकेक करून बाकीचे संघही.

आता खेळायला समोर कुणी उरलेलं नाही. रविवारी आम्ही सगळे मैदानात नुसते रुबाबात उभे असतो.