चाकूंचा डबा

माणिकपूरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका खिशातल्या घडीच्या चाकूंचे शौकीन. जिन्यात भेटले की हल्लीच्या चाकूंविषयी सुरू व्हायचे. "पोलाद चांगलं देतात रे, पण स्प्रिंग इतकी कडक, की उघडताना नख तुटतं. चाकू कसा, अलगद उघडावा आणि टक् करून मिटावा." मी ऑफिसातून दमून आलेला असायचो. नुसती मान हलवायचो.

काकूंचं विसरणं फार वाढलं, तेव्हा काकांनी चाकूंचा डबा माझ्याकडे आणून ठेवला. "ती काहीही उघडून बसते."

रविवारी ते परत आले. जागरणाने डोळे सुजलेले. मी डबा पुढे केला, तर नको म्हणाले.

"केकबरोबर प्लास्टिकची सुरी येते, ती आहे का तुझ्याकडे? तिला चिकू स्वतः कापायचाय."