आधी गाडीला पाणी

अंबादास पाईकरावांचा एक नेम होता. सकाळी आधी गाडीला पाणी, मग स्वतःला चहा. अंधेरीत साहेबांच्या बिल्डिंगखाली पोचले की बॉनेट उघडायचं, ऑइल बघायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, झाकण घट्ट बसवायचं, आणि मगच टपरीकडे वळायचं. उभा जन्म त्यांनी परक्याच्या गाड्या चालवल्या, पण त्यांच्या हातात कधी गाडी बंद पडली नाही. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, "काका, गाडी आहे की म्हैस?" अंबादास म्हणायचे, "म्हैस परवडली, ती निदान ओरडून पाणी मागते."

मूळचे हिंगोलीकडचे. पोरवयात मुंबईला आले, क्लीनरचे ड्रायव्हर झाले, चारकोपला सेक्टरमध्ये घर केलं. बायको शांताबाई, मुलगी संघमित्रा. सगळं बरं चाललं होतं. आणि एका दुपारी शांताबाईंच्या छातीत कळ आली.

त्या वेळी अंबादास अंधेरीत होते. साहेब वर मीटिंगमध्ये आणि खाली एवढी मोठी गाडी नुसती उभी. चारकोपहून संघमित्राने आईला रिक्षात घातलं. अंबादास हॉस्पिटलात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. अहो, ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर पोचवलं, त्याची बायको वाटेतच गेली! ते त्यांच्या मनात जे रुतून बसलं ते बसलंच. घरची गाडी असती तर शांता वाचली असती, असं ते धरून बसले. कुणाजवळ बोलले नाहीत. मुलीजवळ तर नाहीच.

संघमित्रा नर्स झाली. चंदीगडच्या हॉस्पिटलात नोकरीला लागली, तिथे लॅबमध्ये काम करणाऱ्या अंगरूपशी तिचं जमलं. पोरगा हिमाचलचा, पार वर केलाँगजवळच्या गावचा. त्यांच्या घरातही बुद्धाची मूर्ती, आमच्याही घरात, एवढ्यावर अंबादासांनी होकार दिला. लग्नानंतर दोघं त्याच्या गावी गेली आणि केलाँगलाच कामाला लागली. पण थंडीत तिथे गुडघा गुडघा बर्फ! त्यात संघमित्राला दिवस गेल्याचा फोन आला, आणि अंबादास रस्त्याचा हिशेब करायला लागले. मोठं हॉस्पिटल लांब, रस्ता बर्फाचा, घरी गाडी नाही.

नुकतेच निवृत्त झाले होते. हाताशी आलेले सगळे पैसे त्यांनी एका जुन्या दणकट वॅगनमध्ये घातले. फोर-बाय-फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनाचा जोर. अंधेरीच्या ज्या माणसाकडून घेतली त्याने ती नुसती मिरवायला ठेवली होती, मॉलच्या पार्किंगपलीकडे नेली नव्हती. सेक्टरमध्ये हसाहशी झाली. "काका, चारकोपात बर्फ पडणार वाटतं?" गाडी घेऊन अंबादास सरळ इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये धाकूच्या गॅरेजला गेले. धाकू मालवणचा, त्यांचा जुना दोस्त. त्याने सगळी गाडी उघडून बघितली, रेडिएटरमधलं पाणी काढून हिरवं कूलंट भरलं आणि बजावलं, "ह्यां हिरवां पाणी गोठाचां नाय. पण आयकून ठेव, ह्येच्यात साधां पाणी घालू नको हां."

"गाडी मला नको शिकवूस," अंबादास म्हणाले. आता बोला!

थंडी सुरू व्हायच्या आत ते गाडी घेऊन मुलीच्या दारात उभे राहिले. संघमित्रा पोट सावरत बाहेर आली, गाडीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. "पप्पा, हे काय हो?"

"तुझी गाडी. आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही."

पहिला बर्फ पडला तेव्हा गावची चढण काचेसारखी गुळगुळीत झाली. दुसऱ्यांच्या गाड्या चाकं फिरवत जागच्या जागी, आणि अंबादासांची वॅगन सावकाश, न घसरता वर आली. लोक बघत होते. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले, शांताबाईंच्या फोटोसमोर उगाच रेंगाळले. शेजारचे नोरबू आजोबा त्यांच्या खटारा जीपमधलं पाणी रोज संध्याकाळी तोटी उघडून सोडून द्यायचे आणि सकाळी चुलीवरचं गरम पाणी भरायचे. अंबादासांना मोठी गंमत वाटायची. "आजोबा, रोज काय गाडीला आंघोळ घालता?" म्हातारा नुसता हसायचा.

पण नेम तो नेम. वॅगनच्या रेडिएटरच्या एका रबरी नळीची क्लिप ढिली झाली होती. थेंब थेंब गळायचं आणि सकाळी पातळी जरा खाली दिसायची. अंबादास तांब्याभर साधं पाणी घालून ती वर आणायचे. अंगरूपने एकदा बघितलं. "पप्पाजी, साधं पाणी नका घालू."

"अरे, आत हिरवं आहेच की. घोटभर साध्याने काय बिघडतंय?"

सासऱ्याला कोण शिकवणार? आणि असा रोजचा घोट घोट करत आतलं हिरवं पातळ होत गेलं. थंडी मात्र रोज वाढत होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मूल आडवं आहे, ऑपरेशन लागेल, ते कुल्लूला होईल, कळा सुरू व्हायच्या आत खाली या. येत्या रविवारी निघायचं ठरलं होतं. पण शुक्रवारी उजाडता उजाडताच संघमित्राला कळा सुरू झाल्या. ती स्वतः नर्स, आडव्या मुलाच्या कळा म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने ओठ दाबून एवढंच म्हटलं, "पप्पा, गाडी काढा."

ह्या तीन शब्दांसाठी तर अंबादास मुंबई सोडून आले होते! ते धावतच बाहेर गेले. रात्रीच्या थंडीने झाडाची फांदीसुद्धा कडक झालेली. किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, चालू झालं, आणि लगेच पंख्याचा पट्टा कर्कश किंचाळून तुटला. त्यांनी खाली वाकून बघितलं. इंजिनाच्या कुशीतली लोखंडी चकती उडाली होती आणि तिथून बर्फाचा गोळा बाहेर आला होता. इंजिनाचा वरचा भाग उभा चिरला होता. हिरवा रंग कुठेच नव्हता.

त्यांना सगळं कळलं, रोजचं साधं पाणी रात्रीत गोठून फुगलं होतं आणि त्याने इंजिन फोडलं होतं. तिथेच बर्फात ते मटकन खाली बसले. "मी मारलं," ते म्हणाले. "माझ्या हातांनी मी मारलं." अंगरूपने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि तसाच नोरबू आजोबांच्या दाराकडे पळाला.

जीपमध्ये पाणी नव्हतंच, म्हणून गोठलंही नव्हतं. त्यांच्या घरच्या आजीने चुलीवर पातेली चढवली. ते पाणी तापेपर्यंतचा वेळ अंबादासांनी कसा काढला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. आतून मुलीचं कण्हणं येत होतं आणि त्यांना चारकोपच्या रस्त्यातली रिक्षा दिसत होती. मग आजोबांनी वाफाळतं पाणी ओतलं, जीप खोकली आणि सुरू झाली. स्टिअरिंगवर आजोबा. शेजारी अंगरूप, कारण मध्ये मध्ये उतरून फावडं मारायला तरणा माणूस पुढे हवा होता. उरले अंबादास. ते मागे बसले, संघमित्राचं डोकं मांडीवर घेऊन.

एवढ्या वर्षांत ते गाडीत मागे असे कधी बसलेच नव्हते. हातांना काही काम नव्हतं, म्हणून त्यांनी तिचा हात धरला. कुल्लूकडे नेणारा डोंगरातला बोगदा येईपर्यंत आणि बोगद्याच्या पलीकडेही, कळ आली की ती तो हात पिळायची आणि ते म्हणायचे, "मी आहे बाळा. मी इथेच आहे." दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं.

कुल्लूला ऑपरेशन झालं. मुलगी झाली, निळसर पडली होती, पण थोड्या वेळाने रडली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. अंगरूप बाहेर भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. अंबादासांना मात्र रडू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलीच्या खाटेजवळ गेले. तिच्या नजरेला नजर देण्याची हिंमत नव्हती. "संघमित्रा, मी पाणी घालत होतो गाडीत. रोज. धाकूने सांगितलं होतं, जावयाने सांगितलं होतं. तुझी आई गाडी नव्हती म्हणून गेली. तुझ्यासाठी गाडी आणली, तर तीही मीच..."

संघमित्राने त्यांना हात धरून शेजारच्या स्टुलावर बसवलं. मग म्हणाली, "पप्पा, गाडी असती तरी आई वाचली नसती. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही विचारलंच नाहीत, आणि माझं धाडस झालं नाही."

अंबादासांनी मान वर केली.

"आणि रिक्षात आई गाडी मागत नव्हती हो. तिने एकदाही गाडीचं नाव घेतलं नाही. सारखं एकच विचारत होती, तुझे पप्पा कुठायत, तुझे पप्पा कुठायत." तिने त्यांचा हात अजून सोडला नव्हता. "काल वॅगन चालू झाली असती तर तुम्ही पुढे बसला असता. माझ्याकडे पाठ करून."

तेव्हा कुठे अंबादास रडले. खाटेच्या कडेला कपाळ टेकून, आवाज न दाबता. संघमित्राने त्यांच्या केसांवरून हात फिरवला, शांताबाई फिरवायच्या तसा.

तेवढ्यात अंगरूप चहा घेऊन आला. सवयीने अंबादास आधी गाडीकडे जायला उठले, मग परत बसले. एका हातात मुलीचा हात होता. दुसऱ्या हातात त्यांनी ग्लास घेतला आणि आधी चहा प्यायले.