जमिनीचा वाटा

देवगडपासून रेडीपर्यंतचा सगळा किनारा पालथा घातला तरी खलाशांवर ओरडावं तसा वांग्यांवर ओरडणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. हा माणूस माझा घरमालक होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गावोगाव गाजत होत्या त्या वर्षांत मी जामसंड्याच्या एका शाळेत मास्तर होतो आणि खाली खाडीकाठी त्यांच्या घराची पडवी भाड्याने घेऊन राहत होतो, जेवतही त्यांच्याकडेच होतो. वीस वर्षं स्वतःच्या होडीवर हुकूम चालवल्यामुळे सारा गाव त्यांना तांडेल म्हणे. पुढे डोळे अधू झाले. लाट कुठली आणि खडक कुठला हे कळेना, तेव्हा होडी धाकट्या भावाच्या हाती द्यावी लागली. भाऊ मनाने वाईट नव्हता. तो एवढंच म्हणाला, ‘‘दादा, तू आता घराकडेच बस. दोन घास मी घालीन.’’ त्या दोन घासांनी तांडेलांची झोप उडवली. चौथ्या दिवशी त्यांनी घरामागच्या वाळवट तुकड्यात कुदळ मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘‘मी भाजी लावतलंय. माझा मी खातलंय.’’

‘‘वाळयेत भाजी?’’ तांडेलीणबाई मासळीची पाटी डोक्यावर चढवत म्हणाल्या. ‘‘मगे दर्यात भात लावा!’’

तांडेलांना शेतीतलं ओ की ठो येत नव्हतं, पण त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. येत होतं ते त्यांनी सरळ जमिनीवर आणलं. पाणी घालायच्या आधी ते बोट ओलं करून वारा बघत. वाफ्यांना त्यांनी आपल्या जुन्या खलाशांची नावं दिली होती, आणि मिरच्या उशिरा उगवल्या तेव्हा ‘‘ह्यो पयल्यापास्नाच आळशी!’’ म्हणून त्या वाफ्याची सकाळभर खरडपट्टी काढली. खत म्हणून त्यांनी बायकोच्या पाटीत उरलेली बारीक मासळी मागून घेतली, खड्डा खणला, मासळीचा एक थर घातला आणि त्यावर पसाभर मीठ पेरलं. पुन्हा मासळी, पुन्हा मीठ. मी विचारलं तर माझ्याकडे कीव करून बघत म्हणाले, ‘‘मास्तरानू, मीठ लावल्याबगर मासळी कुसतली मां!’’ खत कुजायलाच हवं हे ना त्या जन्माच्या दर्यावर्द्याला सुचलं, ना मला. मी तर शाळेत शेतकीचा धडा शिकवत होतो. वर मीठ पसरायला हातभारही मीच लावला.

ते खत वाफ्यांत गेलं आणि संक्रांतीपर्यंत सगळी रोपं करपून माना टाकून बसली. भाऊ कुंपणापाशी आला, वाफ्यांकडे बघून हळूच म्हणाला, ‘‘झाला मां, दादा? आता तरी बस.’’ तांडेल तीन दिवस वाफ्यांकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं. चौथ्या दिवशी ते चर खणत होते. पावसाळाभर त्या चरांतून त्यांनी जमिनीचं मीठ धुऊन काढलं, अगदी छत्रीसुद्धा न घेता. दिवाळीनंतर बिनमिठाची मासळी, चुलीतली राख आणि पालापाचोळा घातला. विहिरीवर पाणी उपसायची लाट उभी केली. तिच्या लांब वाशाच्या एका टोकाला दगड होता आणि दुसऱ्याला कळशी, त्यामुळे नजरेवाचूनही पाणी काढता येई. चार वाफ्यांतला एक दर हंगामात रिकामा ठेवायचा, आणि त्यावर काठीला तांबडा फडका लावून ठेवायचा, म्हणजे चुकून कुणी काही पेरायचं नाही. ‘‘पावसात दर्याक सुट्टी दितंव,’’ ते म्हणत. ‘‘मगे जमनीक कित्याक नको?’’

आणि जमीन पिकली! तांबड्या माठाने वाफे भरून गेले, वांगी लोंबायला लागली. पहिली पाटी त्यांनी भावाच्या दारात नेऊन ठेवली आणि म्हणाले, ‘‘तू माका दोन घास घालतलंस मां? घे, हे चार तुका.’’ भावाने पाटी आत नेली. मला त्या दिवशी उगाचच छाती फुगवून शाळेत जावंसं वाटलं.

खरी गंमत पुढे झाली. होडी किनाऱ्याला लागली की आधी होडीचा वाटा आणि जाळ्याचा वाटा बाजूला काढतात, मग माणसांचे. तांडेलांनी तोच कायदा भाजीला लावला. एक वाटा बियाण्याचा, एक जमिनीचा, उरलेले माणसांचे. जमिनीच्या वाट्यात सडकं-किडकं चालायचं नाही. ताज्या, तुकतुकीत वांग्यांतलं एक निवडून ते वाफ्यात पुरत. ते बघून तांडेलीणबाईंच्या अंगाचा तिळपापड होई. ‘‘मास्तरानू, तुमीच सांगा ह्येंका! बाजारात गिऱ्हायक वाट बघता, नि हे वांगी गाडतत!’’ मी किडकी वांगी पुरण्याचा तोडगा सुचवला. तांडेल माझ्यावर असे खवळले की दोन दिवस माझ्या पानात भाजी आली नाही. ‘‘होडयेक कदी फुटको वाटो दिललो बघलास?’’ एवढंच ते म्हणाले.

मग माझी बदली झाली. सात-आठ वर्षांनी काही कामानिमित्त तळेऱ्याला उतरलो आणि राहवेना म्हणून तसाच जामसंड्याला गेलो. वाफे चाराचे नऊ झाले होते. तांडेल विहिरीच्या काठावर बसले होते. डोळे पार गेलेले, पण माझी हाक ऐकताच ‘‘मास्तरानू!’’ म्हणून असे ओरडले की वांग्यांनीही कान टवकारले असावेत. तोडणी चालली होती. तांडेलीणबाई पाटीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्या एका हातात तुकतुकीत वांगं होतं, दुसऱ्यात भोक पडलेलं.

‘‘जमनीचो वाटो काडलंस?’’ तांडेलांनी विचारलं. ‘‘बरां वांगां मां गो?’’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली. आता कोण बघणार होतं?

‘‘बरांच आसा, आराडू नकात,’’ त्या म्हणाल्या, आणि तुकतुकीत वांगं वाफ्यात ठेवून त्यावर दोन्ही हातांनी माती लोटली.

दुपारी माझ्या पानात ते भोकाचं वांगं आलं, कीड काढून, खोबरं घालून. तेवढी चवदार भाजी मी त्यानंतर कुठे खाल्लेली नाही.